राउटरचं बाहेरचं दार

“हिच्या त्या कामानेच सगळं नेट खाल्लं, वायऱ्या! या महिन्यानंतर तिची नोकरी बंद. मी सांगून टाकलंय,” सासरे खुर्चीतूनच म्हणाले.

सून शेजारच्या टेबलाशी बसून कॉलवर कुणाची तरी माफी मागत होती. तिचा आवाज मध्येच तुटला तो तुटलाच. तिने कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

घरोघरी नेट जोडून देणारे वायरकाका स्टुलावर चढले, उतरले, पुन्हा चढले. राउटर तव्यासारखा तापला होता.

“सूनबाई, कॉम्प्युटर बंद कर. सगळ्यांचे मोबाइलही.”

सगळं बंद झालं, तरी राउटरचे दिवे लुकलुकतच राहिले. घरातलं कुणी बोलत नसताना हा बोलतोय कुणाशी?

राउटर बनवणाऱ्या कंपनीचा इशारा काकांनी सकाळीच वाचला होता. या राउटरच्या सेटिंगमध्ये नेटवरचा एखादा पत्ता लागतो की नाही ते तपासायची एक चौकट होती. पत्त्यामागे कुणी हुकूम जोडला, तर राउटर तोही निमूट पाळायचा. पासवर्डसुद्धा विचारायचा नाही. दारात कोण आलंय बघ, असं सांगताना कुणी ‘आणि कपाटही उघड’ म्हणावं, आणि गड्याने ते उघडावं, तसं. पण बाहेरच्याला त्या चौकटीपर्यंत पोचायला लांबून सेटिंग बदलता येण्याचं बाहेरचं दार उघडं लागतं. ते काकांनीच उघडं ठेवलं होतं. इथे, आणि ओळखीच्या घरोघरी. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून जिने चढायला नकोत, घरी बसून दुरुस्ती करता यावी, म्हणून. लोक म्हणायचे, काकांच्या हाताला गुण आहे.

पिशवीत दुसऱ्या बनावटीचा राउटर होता. जुना झिजला म्हणायचं आणि बदलून मोकळं व्हायचं.

“नवा लाव,” पिशवीकडे बघत सासरे म्हणाले, “पण हिचं काम सुटल्यावर. नाहीतर ही तोही जाळेल.”

सुनेने मान वर केली नाही. काकांनी पिशवी उचलली, खाली ठेवली, दाराकडे पाहिलं.

“तिने काही केलेलं नाही रे. मी केलंय.”

“तू? काहीतरीच!”

“हे बघ. माझा मोबाइल तुमच्या नेटवर नाही.” त्यांनी मोबाइलवरून त्या चौकटीत पत्ता लिहिला, त्यामागे बंद होण्याचा हुकूम. बोट दोनदा चुकलं. मग भिंतीवरच्या राउटरचे सगळे दिवे एकदम विझले. “मला जमलं ते कुणालाही जमतं. कुणीतरी कधीचा याला राबवतोय. दार मी उघडं ठेवलं होतं. गुडघ्यांपायी.”

सासऱ्यांनी त्या विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं.

“आणि मी रोज हिला...” त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “तुझ्या भरवशावर होतो रे आम्ही.”

काकांनी नवा राउटर लावला, बाहेरचं दार बंद केलं, आणि बंद झाल्याची पुन्हा पुन्हा खात्री केली. अजून शेजारची बिल्डिंग, मग डॉक्टरीणबाई, मग चौकातली सगळी घरं. प्रत्येक जिना आता चढायचा होता, आणि प्रत्येक दारात हेच बोलायचं होतं.

“पासवर्ड काय ठेवताय, काका?” सुनेने विचारलं. आजवर तो तेच ठरवत आले होते.

“तू ठेव. मला सांगू नकोस.”

काका भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले. पाठीमागे बटणं वाजली, थांबली. तिने काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं.

“झालं, काका.”

तरी ते लगेच वळले नाहीत.