लहान कोरचं माप

बोर्डावरचा बोटभर पंखा थांबला होता, आणि तिला वाटलं, थांबला नसेल, दमला असेल... हल्ली तिला कशाहीबद्दल असंच वाटायचं. या नव्या चिपमध्ये दोन जातींचे कोर, म्हणजे आकडेमोड करणारे गाभे — मोठे, दांडगे; आणि लहान, थोड्या विजेवर भागवणारे. कुणी किती वेगानं पळायचं ते कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम ठरवणार, आणि कर्नलला ते शिकवायचं हिनं. लहान कोर काही केल्या वर चढेनात. सकाळपासून ती त्यांना कामचुकार म्हणत होती, आणि आता कळलं, चूक आपलीच. चिप देते तो नुसता आकडा. त्याला गुणून वेग काढायचा, आणि हे गुणायचं माप दोघांचं वेगळं. तिनं मोठ्यांचंच लहानांना लावलेलं. त्यांच्या अंगात जोर शिल्लक असताना कर्नल धरून चालला होता, की संपला यांचा दम.

फोनवर सहकारी हसला. "ताई, म्हणजे बिचाऱ्यांना उगाच शिव्या घातल्यात?"

"पोटभर," म्हणून तिनं फोन ठेवला.

आत भांडं वाजलं. नवरा चहा टाकत असावा. आजारात त्याची जीभ जड झाली, तेव्हापासून तो सावकाश बोलतो — बोलायचा, म्हणायला हवं. "मला जरा..." एवढं त्यानं म्हणावं आणि तिनं पुढचं पुरं करावं — पाणी? चष्मा? खिडकी लावू? — तो मान हलवायचा, बरोबर असो नसो. मग तेही कमी झालं. आणि मी झुरते आहे, तिला वाटलं, आजाराआधीच्या त्याच्यासाठी, जो मला तोंड उघडू द्यायचा नाही, हातातला घास तसाच धरून भांडायचा, पानातलं सगळं गार होईपर्यंत... त्या आवाजासाठी जीव तुटतो. आणि हा आवाज? हा मी पुरता ऐकलाय तरी कधी?

तो दारात आला. हात ओले.

"तू... काल..."

औषध विसरलीस, हेच — शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा. तिनं ओठ मिटले. हात मांडीवर घेतले. त्याचा जबडा हलला, थांबला, कपाळावरची शीर तट्ट फुगली, भांडताना फुगायची तशी.

"थांब," तो म्हणाला.

ती काही बोललीच नव्हती.

"थांबलेय की."

तो शब्द शोधत राहिला. आणि तिच्या लक्षात आलं, औषधाचं नव्हतंच ते. काय होतं, ते तिला खरोखरच ठाऊक नव्हतं... हे ठाऊक नसणं किती दिवसांनी... त्याला पहिल्यांदा भेटायला जाताना नव्हतं, तसं. तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली, आणि तिला घाई नव्हती.