वच्छलाबाईचा इलाज

वालूर गावात कुणाच्या लेकराचं पोट फुगलं की आधी वच्छलाबाईला बोलावणं जायचं, दवाखान्याचा विचार त्यानंतर. बाई येणार, पदर खोचणार, लेकराला मांडीवर पालथं घेणार, आणि विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून असा बेतानं मागून सरकवणार की घटकाभरात लेकरू मोकळं आणि आईचा जीव भांड्यात. ही विद्या तिला सासूनं दिली होती. विद्या खरी की खोटी हा प्रश्न गल्लीत कुणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर वच्छलाबाईनं विचारणाऱ्याची धडगत ठेवली नसती. बाईला स्वतःच्या हाताचा भारी अभिमान. चांगल्या कामाचा अभिमान असावा, त्यात वावगं काही नाही, पण हिचा अभिमान चारचौघांत दुसऱ्याला खाली बघायला लावल्याशिवाय राहायचा नाही.

दसरा झाला आणि तिचा मुलगा बजरंग बायकोला घेऊन ऊसतोडीला निघाला. सून प्रियंका कडेवर लेकरू घेऊनच ट्रकपाशी उभी होती. लेकरू अडीच वर्षांचं. नाव महारुद्र. नाव मारुतीच्या गदेएवढं आणि पोरगं मुठीएवढं, म्हणून घरात त्याला रुदू म्हणत. त्याला सोबत न्यावं असं प्रियंकाच्या मनात होतं. तिनं ते तोंडानं सांगितलं नाही, पण त्याचे कपडे तिच्या बोचक्यात बांधलेले होते.

वच्छलाबाईनं बोचकं पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. ट्रकमध्ये गावची दहा-बारा जोडपी बसलेली, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "फडात निऊन लेकरू कुजवतीस का? तुला एकच लेकरू, तेबी धड संभाळता येईना. मी गावभराची लेकरं हातावर खेळवलीत. आन इकडं त्याला."

प्रियंकानं रुदूचे हात आपल्या गळ्यातून सोडवले, त्याला सासूकडे दिलं, बोचक्यातून त्याचे कपडे काढून दिले आणि ट्रकमध्ये चढून पाठ करून बसली. रुदू दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी त्यानं रडायचं सोडलं आणि खायचंही सोडलं.

भाकरीचा काला पुढं केला की तो तोंड फिरवायचा. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र खायचा. वच्छलाबाईला वाटलं, काहीतरी पोटात जातंय ना, बास झालं. मग सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी दूध, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट. पाणी तो मागत नव्हता आणि ती आठवणीनं देत नव्हती. चार दिवस त्याला शौचाला झालं नाही. पाचव्या दिवशी बाईनं पानाचा देठ काढला.

रुदू ओरडला. सगळीच लेकरं ओरडतात, तिनं मनावर घेतलं नाही. वाळक्या मातीच्या ढेकळासारखा एक खडा पडला, त्याला रक्ताची बारीक रेघ होती. "झालं मोकळं!" असं म्हणून तिनं हात धुतले. पुढच्या पंधरा दिवसांत असं आणखी तीन वेळा झालं. चौथ्या वेळेला तिच्या हातातला देठ बघूनच पोरगं बाजेखाली शिरलं. त्याला पाय धरून ओढून काढावं लागलं.

त्यानंतर रुदूला एक नवीच खोड लागली. खेळता खेळता तो मध्येच उठायचा, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागं जायचा, टाचा उचलून चवड्यांवर उभा राहायचा आणि मांड्या एकमेकींवर घट्ट आवळायचा. तोंड लालबुंद व्हायचं. मग थोड्या वेळानं काही न झाल्यासारखा परत येऊन खेळायचा. वच्छलाबाई शेजारच्या नर्मदाबाईला हसून सांगायची, "बग की, कसा कुंथायलाय! आपल्या आपण कराया लागला माझा वाघ."

मार्गशीर्षाच्या शेवटाला चड्डीला डाग लागू लागले. पातळ, घाण वासाचे, दिवसातून चारदा, पाचदा. वच्छलाबाईनं निदान करून टाकलं, ढाळ लागली. ढाळेला काय करतात हे काय तिला कुणी शिकवायचं होतं? तिनं जायफळ उगाळून चाटवलं. डाळिंबाची साल उकळून पाजली. पेरू बंद, पालेभाजी बंद, वरणसुद्धा बंद. नुसता मऊ भात आणि चहात टोस्ट. तरी डाग थांबेनात. तिनं जायफळ वाढवलं.

प्रियंकाचा फोन रोज संध्याकाळी यायचा, उसाची गाडी भरून झाली की. व्हिडिओवर तिचं काळवंडलेलं तोंड दिसायचं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आत्याबाई, त्याचं पोट बरं हाय ना? तोंड उतरल्यावानी दिसायलंय."

"तुला काय तिथून दिसायलंय! लेकरू झ्याक हाय. तू तुझं काम कर."

"न्हाई, म्हनलं जरा…"

"माझ्या हाताखाली हाय ते. उगं फिकर करू नको."

प्रियंकानं मान हलवली आणि फोन ठेवला.

संक्रांतीनंतर नर्मदाबाईच्या नातीचं बोरन्हाण होतं. गल्लीतली सगळी लहान लेकरं पाटाभोवती बसवली. बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, रेवड्या डोक्यावरून ओतल्या आणि लेकरं वेचायला धावली. रुदूही धावला. ओणवा होऊन दोन्ही हातांनी बोरं गोळा करत होता, आणि त्याच वेळी त्याची नवी पांढरी चड्डी मागून भरली. त्याला पत्ता नव्हता. वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले, आणि कुणीतरी मागून म्हणालं, "ह्यो तर वच्छलाबाईचा नातू की! गावाची पोटं नीट करती, आन घरात हे असं."

बायका हसल्या. त्या हसण्यात फार विष नव्हतं, हळदीकुंकवाला जमलेल्या बायका कशावरही हसतात. पण वच्छलाबाईच्या कानशिलात आग झाली. तिनं रुदूचं बखोट धरलं, त्याला फरफटत अंगणात नेलं आणि सगळ्यांच्या समोर त्याच्या गालावर दोन ठेवून दिल्या.

"घान! घान कुठला! येवढा घोडा झालास, सांगता येईना तुला?"

रुदूच्या मुठीतली बोरं खाली सांडली. तो रडला नाही. आजीकडे बघत राहिला, आणि आपण काय केलं ते त्याला काही केल्या उमजेना.

आठ दिवसांनी त्यानं अन्न सोडलं. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि पहाटे त्याला उलटी झाली. वच्छलाबाई पुन्हा जायफळ उगाळायला बसली, तेव्हा तिचा नवरा वैजीनाथ, जो वर्षातून चार वाक्यं बोलायचा, त्यानं तिच्या हातातली सहाण काढून घेतली. "बास झाले तुझे इलाज. ऊठ," तो म्हणाला, आणि पहिल्या एसटीनं दोघांना परभणीला घेऊन गेला.

लेकरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई वयानं प्रियंकाएवढ्याच होत्या. त्यांनी रुदूच्या पोटावर हळूच हात फिरवला, बेंबीखाली दाबलं, मग वच्छलाबाईचा हात धरून तिथंच ठेवला. "आजी, लागतंय का काही?"

हाताला लागलं. आत लिंबाएवढा टणक गोळा होता. गावभराची पोटं चाचपणाऱ्या बाईनं घरातल्या लेकराचं पोट तीन महिन्यांत एकदा नीट चाचपलं नव्हतं.

"हे शौच आहे. कित्येक आठवड्यांचं कोंडलेलं," डॉक्टर म्हणाल्या.

"पर त्याला तर ढाळ लागलीय. दिसातून पाच येळा…"

"ढाळ नाही ती. मोरी तुंबली की पाणी कडेकडेनं वाहतं ना? तसं पुढं खडा अडकलाय आणि मागचं पातळ कडेनं गळतंय. त्याला ते कळतसुद्धा नाही, त्याच्या हातात नाही ते. काय दिलंत घरी?"

वच्छलाबाईनं सांगितलं. जायफळ, साल, भात. आधी देठ. एकेक नाव सांगताना तिचा आवाज खाली खाली जात होता. डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बाईला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"देठानं आतली कातडी चिरली असणार," त्या म्हणाल्या. "दुखलं म्हणून लेकरू भ्यालं. मग कळ आली की ते दाबून धरायला लागलं. मांड्या आवळून कुठं आडोशाला उभा राहतो का?"

"कोठीमागं," वैजीनाथ म्हणाला.

"तो कुंथत नव्हता, आजोबा. आत धरत होता."

वच्छलाबाईला भर दवाखान्यात अंगावरचं लुगडं कुणी ओढल्यासारखं झालं. माझा वाघ, माझा वाघ म्हणून ती ज्याचं कौतुक करत होती, तो भीतीनं चवड्यांवर उभा राहत होता.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, "कपडे भरले म्हणून घरात कुणी मारतं का ह्याला?"

रुदू वच्छलाबाईच्याच मांडीवर होता. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "न्हाई बाई. लेकराला कोन मारंल?"

वैजीनाथनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. रुदूनं वर आजीच्या तोंडाकडे पाहिलं. खोटं काय असतं हे अडीच वर्षांच्या पोराला कळत नाही, हेच एक तिचं नशीब.

दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेऊन पोट रिकामं केलं. घरी सोडताना पाण्यात कालवून द्यायची पावडर दिली, ती मनानं बंद करायची नाही, काही महिने चालेल असं बजावलं. चहा बंद. दूध बेतानं. पाणी वरचेवर. पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका, भाकरी, वरण, भाजी सगळं चालू. दोन्ही वेळा जेवण झालं की पाच मिनिटं पाय टेकवून बसवायचं, झालं तर झालं, नाही तर उठवायचं. देठ नाही, साबण नाही, बोट नाही. आणि काहीही झालं तरी ओरडायचं नाही.

वच्छलाबाईनं सगळं पाळलं. इतकं पाळलं की वैजीनाथलाच तिची दया आली. परसात दोन विटा मांडून ती रुदूला बसवायची, स्वतः समोर उकिडवी बसून कोंबडीच्या, खारीच्या गोष्टी सांगायची. पण तिनं चड्डीला हात घातला की पोराचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. गावातून बोलावणं आलं तर ती आता जात नव्हती. "मला येत न्हाई ते. दवाखान्यात न्या," एवढंच सांगायची. बायकांना वाटलं, बाईला भाव चढला. एकेकाळी हे ऐकून तिनं गल्ली डोक्यावर घेतली असती.

प्रियंकाला मात्र तिनं अजून काहीच सांगितलं नव्हतं. परभणीला नेलं तेही नाही. रोज संध्याकाळी फोन वाजायचा, रोज जिभेवर शब्द यायचे, आणि रोज ती म्हणायची, झ्याक हाय. दवाखान्यात खोटं बोलून लाज वाटली होती, ती एका दिवसाची. ही रोज नव्यानं वाटायची, आणि तरी खरं बोलायची हिंमत होत नव्हती. ज्या सुनेला भरल्या ट्रकसमोर नालायक ठरवलं, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

दवाखान्यातून आल्यावर सहाव्या दिवशी दुपारी ती अंगणात ज्वारी निवडत होती. रुदू जवळच मातीत खेळत होता. खेळता खेळता तो थांबला. कोठीमागं जायलाही त्याला सवड मिळाली नाही. चड्डीतच झालं, खूप झालं, मऊ झालं, आणि न दुखता झालं. वच्छलाबाईला आनंदानं हसू फुटलं. ती सूप बाजूला सारून उठली आणि हात पसरून त्याच्याकडे निघाली.

रुदूनं तिला येताना पाहिलं. तो पळाला नाही. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले, आणि गाल पुढं केला.

वच्छलाबाई तिथंच खाली बसली. एवढ्याशा जीवानं मार ठरलेलाच आहे असं धरून चालावं, तो लवकर उरकावा म्हणून गाल द्यावा, आणि हे सगळं आपल्या हातानं शिकवलेलं असावं. तिला त्याला जवळ घ्यायचंही धाडस होईना. शेवटी तिनं जमिनीवर बसूनच, लांबूनच सांगितलं, "मारत न्हाई रे राजा. बग, हात मागं धरलेत मी." रुदूनं एक डोळा उघडून तिचे हात मागं आहेत का ते पाहिलं. मग कोमट पाण्यानं त्याला धुताना तिला इतकं रडू आलं की पाणी कुठलं आणि डोळ्यांतलं कुठलं, कळेना.

त्या दिवशी तिनं संध्याकाळची वाट पाहिली नाही. दिवस मावळायच्या आत स्वतःच फोन लावला आणि प्रियंकाला बोलू न देता सगळं सांगितलं. चहा-बिस्कीट, देठ, रक्ताची रेघ, जायफळ, परभणी. शेवटी बोरन्हाणाची गोष्ट सांगितली. "मारलं गं मी त्याला. समद्या बायांसमोर दोन थापडा मारल्या. त्याची कायबी चूक नव्हती. आन डाक्टरीन बाईलाबी खोटं बोलले."

पलीकडे उसाच्या पाल्याचा आवाज येत होता.

"मला मालूम होतं, आत्याबाई."

"काय?"

"संक्रांतीच्या नंतर एकदा, तुमी आत गेला तवा, फोनवर तो बाहुलीला मारायला होता. घान, घान म्हनून. तुमच्यावानी आवाज काढून."

"मग तवाच बोलली कामून न्हाईस गं? शिव्या का दिल्या न्हाईस मला?"

"काय बोलू?" प्रियंकाचा आवाज शांत होता. "मी हितं, तुमी तिथं. मी बोलले असते तर तुमी चिडला असता. आन फोन ठिवल्यावर त्याला तुमच्याच हाताखाली ऱ्हायाचं होतं."

यावर काही बोलायचा हक्क आपल्याला नाही, हे वच्छलाबाईला कळत होतं. प्रियंका म्हणाली, "त्याच्याकडं द्या जरा फोन."

तिनं रुदूच्या हातात फोन दिला. एरवी ती त्याच्याशेजारी बसून, काय बोलायचं ते त्याला शिकवत असे. आज ती उठली, घराबाहेर गेली, आणि त्याला आईला जे सांगायचं ते सांगून होईपर्यंत आवाज ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन उभी राहिली.