बेचाळिसावं घर

“आत नाय यायची मी. हितूनच सांगते,” भागीबाई म्हणाली आणि गोटीरामच्या दुकानाच्या चौकटीला हातही न लावता बाहेर उन्हात उभी राहिली.

गोटीराम विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तार उपसत बसला होता. म्हातारीला उन्हात पाहून तो लगबगीनं उठला आणि दारातून बाहेर पडताना नेहमीप्रमाणे त्यानं चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. कळवणात कुणी त्याच्या दुकानाची खूण विचारली, तर लोक सांगतात, ज्या दारात सहा फुटी माणूस कपाळ चोळत उभा असेल ते. चाळीस वर्षं तो मोटारी भरतोय आणि चाळीस वर्षं तो हा टोला खातोय. चौकट अस्सल सागाची, बापाच्या गोठ्यातून काढून आणलेली. एवढं चांगलं लाकूड टाकवत नव्हतं. जरा ठेंगणी होती, एवढंच.

भागीबाईचं काम मोटारीचं नव्हतं. तिला त्याचं वाजणारं यंत्र हवं होतं.

बोअरवेलपाशी मातीत हरवलेले नट-बोल्ट शोधायला गोटीरामनं ते स्वतः बनवलं होतं. पिठाच्या चाळणीच्या कड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, वर जुन्या रेडिओचं पोट, बांबूचा दांडा आणि कानाला हेडफोन. यंत्र फार तिखट. एकदा सहज सोनाराच्या म्हशीवरून फिरवलं तर ते किंचाळलं आणि तिसऱ्या दिवशी शेणात सोनारणीची नथ निघाली. ती नथ मी या डोळ्यांनी पाहिली आहे. धुतल्यानंतर.

पण यंत्राचा खरा हंगाम मे महिन्यात. तेव्हा धरण आटतं आणि पाण्याखालचं हिवरदरं वर येतं. गोटीरामचं जन्मगाव ते. एकाहत्तर साली गाव उठलं तेव्हा लोकांनी कौलं नेली, तुळया नेल्या, चौकटीसुद्धा उपटून नेल्या. एक गोष्ट मात्र कुणीच नेली नाही. आमच्याकडे घराची चौकट बसवताना उंबऱ्याखाली हळदकुंकू लावून तांब्याचा पैसा ठेवतात. तो उकरला की घर मोडलं. पाण्यात गेलेलं घर घरच राहतं, पण पैसा काढलेलं घर नुसती जागा होते.

त्यामुळे गोटीराम गाळातून विळे काढायचा, बैलांच्या घंटा काढायचा, समईचे तुकडे काढून ज्याचे त्याला पोचवायचा. पण उंबऱ्यापाशी यंत्र वाजलं की नुसता ऐकायचा. प्रत्येक उंबऱ्याचा आवाज निराळा, असं तो सांगे. शिंप्याचा बारीक, कुंभाराचा घोगरा. आणि आवाज विरता विरता त्या त्या घरातलं काहीबाही कानात येई. कुठं जात्याची घरघर, कुठं रडणारं पोर, कुठं सासूचा खाकरा. अशी एकेचाळीस घरं त्याला डोळे मिटून पाठ होती.

“माझं घर दाव,” भागीबाई म्हणाली. “धनी शिमग्याला गेले. जाताना पण तेच. भागे, आपलं घर व्हतं ना गं?”

आता हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. तिचा नवरा खंडेराव जन्मभर सांगत आला, की हिवरदऱ्यात वेशीपलीकडे त्यानं चौकट उभी केली होती, भिंती चढायच्या तेवढ्या बाकी होत्या. पण गोटीरामचा बाप झुंबर पाटील सरकारी माणसांना म्हणाला, तिथं काही नाही. पंचनाम्यात घरं एकेचाळीसच लागली. नव्या गावठाणात सगळ्यांना जागा मिळाल्या, खंडेरावला नाही. तो दुसऱ्याच्या मळ्यात छपरात राहिला आणि छपरातच मेला. वर गावाला एक गंमत मिळाली. कुणी थाप मारली, की म्हणायचं, हा खंडूच्या घरी जेवून आला वाटतं.

 गोटीरामनं यंत्र उचललं.

भुतांची वेळ मध्यरात्रीची, असं ज्यांनी मे महिन्यातली धरणाची दुपार पाहिली नाही, त्यांनी खुशाल म्हणावं. गोटीरामची जीप वर काठावर थांबली आणि दोघं खाली उतरली. भेगाळलेला गाळ, मधे जोत्यांचे दगड, चिंचेचा काळा बुंधा. पाखरू नाही. आपलीच सावली पायाखाली दडून बसलेली. गोटीराम पुढं, भागीबाई मागं. तो एकेका उंबऱ्यापाशी थांबे, यंत्र वाजे, तो मान हलवून पुढं जाई. जणू दारात बसलेल्या माणसांना रामराम घालत निघाला होता.

वेस संपली. पुढं सपाट गाळ होता, तिथं दगडही नव्हता. चाळीसेक पावलांवर यंत्र वाजलं.

आवाज विरला आणि मागं काहीच आलं नाही. जातं नाही, पोर नाही. हेडफोनमध्ये वाऱ्याची सळसळ असते, तीही थांबली. ज्या घरात अजून कुणी राहायलाच आलेलं नाही, तिथं असावी तशी शांतता.

“वहिनी,” गोटीराम हळूच म्हणाला, “हे मला नऊ वर्षं ठाऊक हाय.”

दर मे महिन्यात यंत्र इथं वाजे, आणि दर वेळी तो स्वतःला सांगे, एखादा खिळा असेल. खिळा नाही म्हटलं, तर बाप खोटा ठरत होता.

 मग त्यानं खुरपं काढलं. पैसा हाती लागला तर गावाच्या तोंडावर मारता येईल, म्हणाला. म्हातारीनं त्याचं मनगट धरलं.

“उकरू नको. हाय ते घर मोडशील.”

“मग पटंल कसं लोकान्ला?”

“तू सांग की. पाटलाचा ना तू?”

एवढं बोलून ती वळसा घालून गेली. समोरून सरळ जाता आलं असतं, सगळा गाळच होता. पण तिथं भिंत येणार होती. ती बरोबर त्या जागेसमोर आली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, वाकली आणि उजवं पाऊल उचलून आत गेली. मोकळ्या गाळावर मांडी घालून बसली. त्रेपन्न वर्षांनी.

“ये,” ती आतून म्हणाली. “वाकून ये. धन्यानं सोताच्या मापाची केलीया.”

खंडेराव चणीनं बुटका. गोटीरामला हसू आलं. म्हातारीचं मन राखायला तो जरासा वाकला आणि पुढं झाला.

ठक्.

कपाळावर. डाव्या भुवईच्या वर दोन बोटं. समोर उघडं आभाळ, आणि गोटीराम कपाळ धरून मटकन खाली बसला. मार लागला म्हणून नव्हे. तो टोला त्याच्या ओळखीचा होता. तोच बोथट सागवानी टोला, तीच उंची, चाळीस वर्षं रोज खाल्लेला. बापाच्या गोठ्यात ती चौकट कुठून आली, हे त्यानं जन्मात कधी विचारलं नव्हतं.

टेंगूळ आठ दिवस होतं. हळद मी लावली, म्हणून सांगतो.

शनिवारी नव्या गावात मारुतीच्या पारावर सगळे जमले असताना गोटीराम उभा राहिला. घरं बेचाळीस होती, म्हणाला. माझ्या बापानं खंडूदादाची चौकट रातोरात काढून आमच्या गोठ्याला लावली आणि पंचांपुढं खोटं सांगितलं. कुणीतरी सवयीनं खंडूच्या घरी जेवून येण्याचं विचारायला तोंड उघडलं आणि त्याच्या कपाळाकडे पाहून मिटलं. भागीबाई खाली पायरीशी बसली होती. तिनं फक्त पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी दुकानाची चौकट निघाली. चौघांनी ती जीपवर बांधून नेली आणि पैशाला धक्का न लावता त्या जागी गाळात रोवली. भागीबाईनं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसतं दार.

जूनच्या शेवटी पाणी चढू लागलं. आधी उंबरा गेला, मग कडी. होडीवाले सांगत, आठवडाभर पाण्यावर नुसती वरची पट्टी आणि वाळलेलं तोरण दिसत होतं, आणि मासे पकडणारी पोरं तिला वळसा घालून होडी नेत. मग तीही दिसेनाशी झाली.

गोटीरामच्या दुकानाला अजून चौकट नाही. भिंतीत नुसतं मोठं भगदाड आहे, हत्ती जाईल एवढं. तरी आत जाताना तो वाकतो.