साध्या खणातल्या शेळ्या

प्रतिक्षानं गोठ्याच्या मधोमध कारवीचा कूड उभा केला, निम्म्या शेळ्या इकडे आणि निम्म्या तिकडे घातल्या, आणि त्या दिवसापासून साखरशेतमधल्या त्या घराला शांतता म्हणून लाभली नाही. शेळ्यांचं एक वेळ सोडा, त्यांना ओरडायला निमित्तच हवं असतं. पण घरातली माणसंही काही मागं नव्हती.

"शेळी कशी उठते, कशी बसते, ह्या शिकाया तू मुंबयला गेलीस?" आई दारातूनच विचारायची. "आमाला इचारला असता तर फुकट सांगितला असता."

प्रतिक्षा मुंबईच्या एका कॉलेजात प्राण्यांचं वर्तन आणि कल्याण हा विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. कोंडलेलं जनावर कंटाळतं का, कंटाळलं की काय करतं, त्याला बरं कशानं वाटतं, असला तो अभ्यास. गावात कुणाला सांगायला जावं तर लोक आधी पोटभर हसत आणि मग हळूच आपापल्या अंडी न घालणाऱ्या कोंबडीची तक्रार पुढं करत.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती घरी आली होती. प्रकल्प तसा सरळ होता. उजव्या खणात शेळ्यांच्या करमणुकीची सोय केलेली: चढायला ओंडके आणि एक मोडकी बाज, अंग घासायला जुना खराटा, आणि उंबराचा पाला उंच टांगलेला, म्हणजे पाय वर करून खाण्याची मजा. डावा खण साधा, रोजच्यासारखा. तिथंही पाला तेवढाच, पण जमिनीवर टाकलेला. आता सोयीच्या खणात मारामाऱ्या कमी होतात का, एवढंच बघायचं होतं. प्रकल्प नीट उतरला तर कॉलेजातल्या जयश्री मॅडम तिला जूनपासून पुढच्या पदवीसाठी आपल्या हाताखाली घेणार होत्या. तसा शब्दच दिला होता त्यांनी. प्रतिक्षाचा सगळा जीव त्या जूनमध्ये अडकला होता.

घरात तिची बाजू घेणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे थोरली बहीण चंदना. शेळ्या चंदनाच्याच. म्हणजे मालकी घराची, पण त्या ऐकायच्या फक्त तिचं. ओंडके तिनंच रानातून ओढून आणले, कूडही निम्मा तिनंच विणला. "आमची प्रती शेळ्यांची मास्तरीण हाय," असं ती पाण्यावर येणाऱ्या बायकांना ठसक्यात सांगायची. अशी बहीण मिळायला नशीब लागतं, हे प्रतिक्षाला कळत होतं. पण कळलेलं बोलून दाखवायची त्या घरात रीत नव्हती.

सुरुवातीला सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं. सोयीच्या खणातल्या शेळ्या मजेत, साध्या खणातल्या एकमेकींना ढुशा देण्यात दंग. प्रतिक्षा खूश. आणि मग काय झालं कोण जाणे, डाव्या खणातल्या शेळ्याही शहाण्यासारख्या वागायला लागल्या. टक्कर नाही, ओरडा नाही, दुपारी गपगुमान रवंथ. प्रतिक्षा डोकं धरून बसली. फरकच दिसत नसेल तर मॅडमना दाखवायचं काय, कपाळ?

मॅडमशी बोलावं म्हणून ती सकाळीच जव्हारला निघाली, कारण घरी रेंज नावाची गोष्ट वाऱ्यावर अवलंबून. रस्त्यावर येऊन बघते तर सकाळची जीप गेलेली आणि दुसरी कधी भरेल याचा नेम नाही. वैतागून ती माघारी वळली.

गोठ्यापाशी आली आणि जागच्या जागी थांबली. डाव्या खणात चंदना उभी होती. काखेत ओंडका, खांद्यावर उंबराच्या डहाळ्या, आणि तोंडाचा पट्टा चालू. "चढा गं चढा, लवकर चढा. मास्तरीण गेली हाय तवर खेळून घ्या."

"ताई!"

चंदनानं ओंडका खाली ठेवला. पकडली गेल्याचा भाव तिच्या चेहऱ्यावर होता, पण पश्चात्तापाचा मात्र औषधालाही नव्हता.

"कधीपासून चाललाय ह्या?" प्रतिक्षाला रागाच्या भरात घरचीच बोली आली.

"झाला की लय दिस. तू जेवाय बसलीस का ठेवते, तू यायच्या आधी काढते."

"अगं, माझा सगळा प्रकल्प बुडवलास तू! एका खणाला द्यायचं नाही, हाच तर प्रयोग होता. माझा जून गेला आता. दुश्मनसुद्धा असं करणार नाही गं!"

चंदनानं कुडाच्या फटीला तोंड लावून उभ्या असलेल्या टिकली नावाच्या शेळीकडं बोट केलं.

"ती टिकली बघ. आख्खा दिस त्या फटीतून तिकडं बघत उभी रहायची. तिकडच्या चढतात, उड्या मारतात, आन हिनं निसता बघायचा. एकाच गोठ्यात एकीला द्यायचा आन एकीनं बघायचा? मना नाय बघवत ता. कसा वाटतो ता मना ठावं हाय."

प्रतिक्षाचा राग तिथंच गळून पडला. चार वर्षांपूर्वी चंदनाचा नर्सिंगला नंबर लागला होता. त्याच सुमारास बाबा कामासाठी ठाण्याला गेले, आईचे गुडघे धरले, आणि घरात प्रश्न निघाला, शेळ्या कोण बघणार? धाकटी हुशार म्हणून धाकटी शिकायला गेली, थोरली थांबली. ती कधी कुरकुरली नाही आणि प्रतिक्षानं कधी विचारलं नाही. आपण चार वर्षं जनावरांना काय वाटतं ते शिकलो आणि शेजारी झोपणाऱ्या बहिणीला काय वाटतं ते बघितलं नाही, याची तिला इतकी लाज वाटली की ती तडक पुन्हा रस्त्याला लागली.

या खेपेला जीप मिळाली. सुरुवातीचेच आकडे दाखवून बाकीचे गाळावेत, हा मोह वाटेत झाला तिला, नाही असं नाही. पण फोन लागल्यावर तिनं मॅडमना सगळं खरं सांगितलं. मॅडम आधी पोट धरून हसल्या.

"तुझ्या बहिणीनं नेमकं बोट ठेवलं बघ," त्या म्हणाल्या. "शेजारचं सुख फटीतून दिसत असेल, तर साधा खण साधा राहत नाही. फट बुजव आणि अदलाबदल कर. काही दिवस सोयी यांना, मग त्यांना. तुला मुदत वाढवून देते. जून काही जात नाही तुझा."

जून वाचला होता. प्रतिक्षानं मॅडमना आणखी एक गोष्ट सांगितली. या वेळी मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या वर्षी जागा असेलच असं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

संध्याकाळी दोघी बहिणींनी मोडकी बाज उचलून डाव्या खणात नेली. टिकली पहिल्या उडीत वर चढली आणि वरूनच लेंड्या टाकून मोकळी झाली.

"बारीबारीनं द्यायचा, असा आधीच करायचा ना, येडे," चंदना म्हणाली आणि भुरी शेळीची धार काढायला बसली.

"ताई, जूनमध्ये तू नर्सिंगचा फॉर्म भर. शेळ्या मी बघते."

धार थांबली. "आन तुझ्या मॅडम?"

"सांगितलंय त्यांना."

"थांबतील त्या?"

"ठाऊक नाही."

चंदनानं भुरीच्या पोटाला कपाळ टेकलं. "इतक्या वर्षांनी कोण घेईल मना?"

"नाही घेतलं तर नाही. फॉर्म तर भर."

चंदनानं ओढणीनं नाक पुसलं, उठली आणि भांडं प्रतिक्षाच्या हातात दिलं. "बस मंग हितं. दावते तुला."

प्रतिक्षा बसली. भुरीनं मागं वळून हे नवीन माणूस पाहिलं आणि पहिल्याच धारेला लाथ मारून भांडं उलथवलं. चंदना रडता रडता इतकी हसली, की आई गुडघे विसरून धावत बाहेर आली.