पाचाला दोन कमी

"पेला अर्धाच भरायचा. सरांचा हात थरथरतो. काठोकाठ भरलास की टेबलावर सांडतं, आणि मग ते बोलायचं सोडून त्या ओघळाकडेच बघत बसतात."

हे मला यांनी दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितलं. घराची चावी कुठे, कागदपत्रं कुठे, यातलं काही नाही. पेला. चौथ्या दिवशी हे गेले. नंतर यांच्या जागेवर मला घेतलं. मधले दोन महिने सुट्टीचे होते, ती संपली तशी मी तीन नंबरच्या व्याख्यानगृहाची चावी कमरेला खोचून कामाला लागले.

विद्यापीठाच्या आवारात मोठी सभागृहं पुढच्या अंगाला आहेत. प्रदर्शनं, कार्यशाळा, नावाजलेले वक्ते, सगळी गर्दी तिकडे. तीन नंबर ग्रंथालयाच्या मागे. साठ खुर्च्या, त्यातल्या चार डुगडुगत्या. तिथे दर बुधवारी चार वाजता शब्दवाले सर बोलतात. भाषेच्या विभागातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. दर बुधवारी एक शब्द घ्यायचा, तो कुठून आला, वाटेत काय काय होत गेला, ते सांगायचं. ऐकायला कोणीही यावं, सगळ्यांना दार उघडं.

पण उघड्या दारालाही नियम असतो. नोंदवहीत किमान पाच श्रोत्यांच्या सह्या हव्यात. नसल्या तर 'व्याख्यान झाले नाही' असा शेरा. लागोपाठ तीन शेरे पडले की व्याख्यानमाला बंद.

पहिल्या बुधवारी दोघी आल्या. निवृत्त परिचारिका, सख्ख्या बहिणी. थोरलीला कमी ऐकू येतं आणि धाकटी तिला सगळं मोठ्याने पुन्हा सांगते. तिसरी मी. सव्वाचारला कार्यालयातल्या कारकूनबाई आल्या, डोकी मोजली आणि शेरा मारला. सरांनी कागदांची घडी घातली, "हरकत नाही" म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. पेला तसाच राहिला. दुसऱ्या बुधवारी तेच झालं. तिसऱ्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, कारकूनबाई वही तपासायला आल्या.

"वहिनी, एक सांगू का," कारकूनबाई वही मिटत म्हणाल्या, "पाचाला दोन कमी पडतात ना? मग लिहा की दोन नावं. शाई काय घरून आणायची आहे?"

"पण माणसं आलीच नाहीत तर..."

"तुमच्या ह्यांनी नऊ वर्षं काय केलं मग? भिंतींना कान असतात म्हणतात, पण सरांच्या व्याख्यानाला त्यासुद्धा कानात बोटं घालतील. ते लिहायचे, मी डोळे मिटायची. तुम्ही लिहा, मी पुन्हा मिटते. मला काही कोणाचं वाईट करायची हौस नाही."

बाई मनाने वाईट नाहीत. पण मला ते जमणारं नव्हतं. रोज सकाळी देवापुढे बसून मी चार नेम म्हणते, त्यातला चौथा खोटं न बोलण्याचा आहे. तो घेतला त्याला वीस वर्षं झाली. आमच्या मनूला दवाखान्यात ठेवलं होतं. "आई, घरी कधी?" असं तिने विचारलं, आणि डॉक्टरांनी मान हलवलेली मी पाहिली असतानाही "उद्या" म्हणाले. ती त्या भरवशावर झोपली. उद्या उजाडला, ती नव्हती. सहा वर्षांची होती. तेव्हापासून जिभेला नेम आहे, आणि जिभेला आहे तोच हाताला.

बाई गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. यांनी काय लिहिलंय ते बघावं म्हटलं. दर बुधवारी पाच सह्या. दोन त्या बहिणींच्या. तिसरं नाव यांचं. चौथं माझं, आणि मी तर तेव्हा घरी भांडी घाशीत असायची. बरं वाटलं नाही, पण हसूही आलं. पाचव्या नावाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

मनूचं शाळेतलं नाव होतं. पुढे आमचं आडनाव.

वहीत तीन रकाने असतात, नाव, व्यवसाय आणि सही. पहिल्या वर्षी व्यवसायात 'विद्यार्थिनी' होतं. हिशेब बरोबर होता. असती तर तेव्हा सतराची असती. पुढची पाच वर्षं विद्यार्थिनी. मग एक अख्खं वर्ष 'नोकरीच्या शोधात'. लेकीला लगेच नोकरी लावायची यांना लाजच वाटली असणार, चार लोकांच्या पोरींना जितका वेळ लागतो तितका लागू दिला. मग एका बुधवारी, जरा ठळक अक्षरात, 'शिक्षिका'. आणि सही नऊ वर्षं एकच. पहिल्या 'म'ची गाठ सोडून दिलेली, ती पाटीवर काढायची तशी.

घरात यांनी वीस वर्षांत तिचं नाव काढलं नव्हतं. मी काढलं तर उठून नळ दुरुस्त करायला जायचे. आमच्या नळाला कधी गळती म्हणून लागली नाही.

मी वही मिटली. उद्याचा बुधवार गेला की ही वही कपाटात जाणार, आणि मनू सव्विसाव्या वर्षी थांबणार. एकदा थांबलीच होती. पुन्हा थांबेल असं कोणाला वाटलं होतं?

तेवढ्यात दारात काठी वाजली. शब्दवाले सर होते. मंगळवारी ते कधी येत नाहीत. पहिल्या रांगेत बसले, दम खाल्ला.

"एक विचारायचं होतं, बाई. मागे बसायच्या त्या तरुण शिक्षिका, त्या हल्ली येत नाहीत का? मला तिसऱ्या रांगेपलीकडे माणूस आहे की खुर्ची आहे ते दिसत नाही. पण हॉलवाले दर खेपेला त्यांची चिठ्ठी आणून द्यायचे. म्हणायचे, बाई फार संकोची आहेत, उठून विचारत नाहीत." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ही सुट्टीआधीची. इतका चांगला प्रश्न मला नोकरीत कोणी विचारला नाही."

अक्षर यांचं होतं. मी वाचलं.

'माझी वही हरवली म्हणजे वही गेली. मी त्याला हरवलं म्हणजे मी जिंकले. गमावण्याला आणि जिंकण्याला एकच शब्द कसा?'

दवाखान्याच्या खाटेवर सापशिडी मांडलेली असायची. हे गुपचूप आपली सोंगटी सापाच्या तोंडात सरकवायचे. "बाबा, मी तुम्हाला हरवलं." रोज संध्याकाळी एकदा तरी. हे म्हणायचे, "हरवलंस बाई. पुरता हरवलंस."

"गावाला गेल्या असतील का?" सरांनी विचारलं.

हो म्हणायला काही लागत नव्हतं. म्हातारा माणूस, उगाच कशाला त्याच्या जिवाला घोर लावायचा. पण सांगितलं.

"ती नाही हो सर. आमची मुलगी होती. सहाव्या वर्षीच गेली."

ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले.

"मग प्रश्न कोणाचे?"

"यांचेच. यांची शाळा आठवीत सुटली. दाराशी उभे राहून ऐकायचे तुमचं सगळं."

"दाराशी," सर म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मी एकदा त्यांना बाहेर बसायला सांगितलं होतं. खोकत होते, माझा धागा तुटत होता. म्हटलं, दार लावून घ्या आणि तिकडे खोका."

मला ते माहीत होतं. त्या दिवशी घरी येऊन हे म्हणाले होते, आज दाराला कान लावून ऐकलं, लाकूड काय गार लागतं. तेही मी सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण आता अर्धं खरं सांगून थांबणं मला जमेना.

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पुसून हातातच धरून ठेवला.

"उत्तर तयार आहे," ते म्हणाले. "अकरा पानं झाली. सुट्टीभर तेच केलं. उद्या पाच जण काही भरत नाहीत, मला माहीत आहे. बसा, तुम्हाला आत्ता सांगतो. तुमचा हक्क आहे."

बसावंसं फार वाटलं. एक शब्द, यांनी विचारलेला, त्याचं उत्तर माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मी उभीच राहिले.

"आत्ता नको, सर. पोरीच्या नावाने आलेला प्रश्न आहे, तो उद्या हॉलमध्येच सांगा. चार वाजता. दोन माणसं मी आणते."

"वहीतली?"

"नाही. हाडामांसाची."

सर किंचित हसले. "बाई, नऊ वर्षं त्या माणसाला दोन मिळाली नाहीत."

"त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं, सर. त्यांना त्या दोन खुर्च्या हव्या होत्या."

हे माझ्या तोंडून निघेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. सरांनी चिठ्ठी परत खिशात ठेवली. त्यांना रिक्षापर्यंत पोचवून मी परत आले, वह्या जागच्या जागी लावल्या.

दुपारचे अडीच वाजले होते. पुढच्या सभागृहात जुन्या घड्याळांचं प्रदर्शन लागलं होतं आणि त्याची रांग पार झाडांखालपर्यंत आली होती. अनोळखी माणसाला आजवर मी रस्तासुद्धा विचारलेला नाही. रांगेच्या शेवटी एक पोस्टमन पिशवी पायाशी ठेवून उभा होता. त्याच्या पुढे एक बाई, एकट्याच, आपल्या चपलेच्या तुटक्या पट्ट्याकडे बघत.

मी दाराला कुलूप लावलं, पदर नीट केला, आणि त्यांच्याकडे चालू लागले.