काठावर पास

लेकीने आईच्या जिन्याखाली बॅटरी बसवून दिली, ती साधीसुधी नव्हती. लेक ज्या कारखान्यात बॅटऱ्या तपासायची, तिथलं ते नवंकोरं वाण होतं. जुन्या बॅटरीला अधूनमधून पाणी पाजावं लागे, ही काही म्हणजे काही मागायची नाही. दिवसभर छतावरचं ऊन पोटात साठवायची आणि संध्याकाळी वीज गेली की घर चालवायची. किती भरली आहे तो आकडा तिच्या पडद्यावर दिसे, आणि दूर राहणाऱ्या लेकीच्या फोनवरही.

इथेच घोडं पेंड खात होतं. "एकटी कशाला राहतेस? माझ्याकडे ये," म्हणून लेक कधीची हात धुऊन मागे लागली होती. आईला मात्र आपलं विजेचं शिलाई मशीन, आपली गिऱ्हाइकं आणि आपलं दार सोडायचं नव्हतं. लेकीला शाळेत गणितात नव्वद मिळाले तरी ही विचारायची, "उरलेले दहा कुठे सांडलेस?" आता परीक्षा हिची होती. आकडा घसरला की पोरगी म्हणणार, बघ, तुला एकटीला झेपत नाही.

मग काय! वीज गेली की बाई मेणबत्ती लावून बसायच्या. पंखा बंद, मशीन बंद. शेजारीण आली तर बिचारीला चाचपडत खुर्ची शोधावी लागे. आकडा मात्र शंभर, आणि तो बघून आईला स्वतःचंच भारी कौतुक वाटे.

एका दुपारी लेक न कळवता दारात हजर झाली. चेहरा पार उतरलेला.

"आई, बरी आहेस ना? रोज संध्याकाळी आकडा जागचा हलत नाही. मला वाटलं, अंथरूण धरलंस. ते काही नाही, बॅग भर."

आईने पडद्याकडे बोट दाखवलं. "अगं, पण शंभरपैकी शंभर होते की!"

 लेक कपाळाला हात लावून जिन्याच्या पायरीवर बसली.

"आई, ही बॅटरी आहे, वार्षिक परीक्षा नाही! सारखी काठोकाठ भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते ती. रोज भरावी, रोज वापरावी, म्हणून तर आम्ही एवढं डोकं लढवलं."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू अंधारात बसशील हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

संध्याकाळी वीज गेली. आईने दिवे लावले, पंखा सोडला आणि फ्रॉकचा घेर शिवायला बसली. मशीनच्या आवाजात लेक खुर्चीतच झोपून गेली, अगदी लहानपणीसारखी.  सकाळी बॅगेचा विषय न काढताच लेक निघाली, पण आईची धाकधूक काही गेली नाही.

पुढे शाळेच्या गणवेशांचं काम आलं. वीज गेली तरी आई मशीनवरून उठली नाही. पडद्यावर छत्तीस दिसले आणि तेवढ्यात फोन वाजला. तिने मशीन थांबवून उचलला.

"छत्तीस?" लेक म्हणाली.

"काठावर पास," आई हळूच म्हणाली.

"पहिली आलीस," लेक म्हणाली. "राहा तिथेच."