बाटली माझी

आमच्या गल्लीत दारूविरुद्ध मोर्चा निघाला की सगळ्यांत पुढे मी. कोपऱ्यावरचं दारूचं दुकान मीच बायका जमवून बंद पाडलं. त्यामुळे माझ्या कपाटात, चादरींच्या मागे, ब्रँडीची बाटली असते हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. थंडीत गुडघे धरले की दोन चमचे गरम पाण्यातून घेते. औषध म्हणून. हो, औषधच!

त्या दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. एक टेम्पो बेताने येत होता आणि स्कूटरवाला उलट्या बाजूने सुसाट घुसला. त्याला वाचवायला टेम्पोवाल्याने चाक फिरवलं ते थेट आमच्या भिंतीत. तरी स्कूटरवाला पडलाच, पाय मोडला. त्याला रुग्णवाहिका घेऊन गेली. टेम्पोवाला, चांगला चाळिशीचा गडी, आमच्या पायरीवर बसून लटलटा कापत होता. मला राहवेना. पेल्यात दोन बोटं ब्रँडी ओतली आणि म्हटलं, "घे, गुमान पी."

"कधी घेत नाही हो, आजी," म्हणाला, पण प्यायला.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. उतरलं कोण? माझी सून! वाहतूक पोलिसात आहे ती. "आई, तुम्ही आत व्हा," म्हणाली आणि फुंकायचं यंत्र त्याच्या तोंडाला लावलं. मेलं लगेच कोकललं.

"पिऊन गाडी चालवता? लायसन्स तर जाईलच, वर तुरुंगाची हवा खाल."

"बघा काकू," शेजारीण मला म्हणाली, "आपण उगाच मोर्चे काढतो का?"

त्याने ते ऐकलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि मान खाली घातली. "चूक झाली, मॅडम," एवढंच बोलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही, माझ्यावरच. माझी अब्रू झाकायला हा परका माणूस स्वतःच्या पोटावर पाय देत होता! तरातरा आत गेले, बाटली आणली आणि टेम्पोच्या बॉनेटवर आदळली.

"ही माझी. मीच पाजली त्याला. टक्कर झाल्यावर!"

शेजारणीचा आ वासलेला तो वासलेलाच.

"आजी, कशाला बोललात?" तो रडवेला झाला.

"गप रे! माझी चार दिवस चेष्टा होईल. तुझी चूलच विझेल."

सून लालबुंद झाली होती. "आई, मी पडले घरची. माझं कोण ऐकणार? साहेबांना बोलावते, त्यांना सांगा."

साहेबांनाही खणखणीत सांगितलं. ते हसले. "नंतर प्यायलो असं सगळेच म्हणतात, आजी."

"मग रक्त तपासा की!"

"तपासू. थोड्या अंतराने दोनदा. आधीची असेल तर उतरत असेल, आत्ताची असेल तर चढत असेल."

"चढतीच निघेल," मी म्हटलं आणि त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले. बाटली त्यांनी जप्त केली.

काही दिवसांनी सून ड्यूटीवरून आली ती थेट स्वयंपाकघरात. "चढतीच निघाली," म्हणाली. "त्याचं लायसन्स राहिलं. मला तर तो पक्का बेवडा वाटला होता." मग पिशवीतून नवी कोरी बाटली काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवली. "ही तुमच्या गुडघ्यांसाठी. घाबरलेल्या माणसाला यापुढे साखरेचं पाणी द्या."

"अगं, चादरींमागे ठेव ना. उद्या मोर्चाच्या बायका यायच्यात चहाला."

"येऊ देत की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. मी चहाचा डबा काढला आणि बाटली होती तिथेच राहू दिली.